वैशाखात अडकलेले जव्हार

मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये मी जव्हार-मोखाड्यावरून विमान नेले, तर खाली जणू वाळवंट! तिथल्या जमिनीचा पोत बिंग नकाशांच्या छायाचित्रांतून येतो. ढगांआडची जमीन त्यांत टिपता येत नाही, म्हणून पावसाळाच गळतो. खेळात पाऊस पडतो, ढग तर अप्रतिम. पण माळ हिरवा होत नाही. वाळवंटाला असा स्थिर पोत एकवेळ शोभेल (तिथेही वाऱ्याने टेकड्या सरकतात म्हणा). जव्हारच्या बाबतीत मात्र हा दोष मला तांत्रिक नव्हे, आशयाचा वाटतो. उतारावरची नागली-वरई इथे कधी उगवतच नाही. पेरणीआधी भाजलेल्या राबाचे काळे तुकडे दिसले, तरी ते नुसते डाग. त्याच राखेत पुढे रोपे धरतात, हे चित्राला ठाऊक नसते.