लोकनीतीतील ‘भागीदारी’ : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

शासन, सहकारी संस्था, स्वयंसेवी मंडळे आणि ग्रामस्थ यांनी एकत्र येऊन सार्वजनिक प्रश्न सोडवावेत, हा विचार लोकनीतिविषयक लेखनात इतका रूढ झाला आहे की, त्याची चिकित्सा करणे म्हणजे सद्भावनेवरच संशय घेणे होय, असे वाटावे. तरीही ती करावयास हवी. कारण या कल्पनेचे जितके प्रयोग यवतमाळ जिल्ह्यात झाले, तितके फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्यास आले असतील.

भागीदारी हा मूळचा व्यापारातील शब्द. भांडवल कोणाचे किती, तोट्यातील हिस्सा किती आणि वही पाहण्याचा अधिकार कोणास, हे तेथे आधी ठरते. लोकनीतीत हा शब्द प्रथम आला तो याच अर्थाने. ग्रामीण पतपाहणीचा अहवाल गोरवाला समितीने 1954 साली सादर केला, तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे 3 टक्केच असल्याचे आढळून आले. म्हणून शासनाने या संस्थांचे भाग घेऊन त्यांत भागीदार व्हावे, अशी शिफारस समितीने केली. भांडवलाच्या पाठोपाठ नियंत्रणही आले, आणि पन्नास वर्षांनी, 2005 साली, वैद्यनाथन कृतिदलाला ग्रामीण सहकारी पतव्यवस्थेच्या दुरवस्थेचे एक कारण म्हणून याच शासकीय हस्तक्षेपाकडे बोट दाखवावे लागले. तथापि त्या जुन्या भागीदारीत हिशेब तरी लेखी होता. नंतरच्या भागीदारीत तोही उरला नाही.

कापूस पिकविणाऱ्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने डिसेंबर 2005 मध्ये 1,075 कोटी रुपयांची आणि पंतप्रधानांनी 1 जुलै 2006 रोजी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. यवतमाळ हा त्या सहांपैकी एक. दुसऱ्या योजनेतील 2,177 कोटी सिंचनासाठी आणि 712 कोटी थकित व्याजाच्या माफीसाठी होते. व्याजमाफीचा लाभ अर्थातच ज्याचे खाते बँकेत वा सोसायटीत आहे त्यालाच मिळावयाचा. जो सावकाराच्या दारी उभा होता, तो या हिशेबात बसत नव्हता.

हाच दोष मृत शेतकऱ्याच्या कुटुंबास द्यावयाच्या एक लाख रुपयांच्या साहाय्यातही दिसतो. 2006 पासून त्यातील 30 हजार रोख आणि 70 हजार ठेवीच्या रूपाने देण्यात येऊ लागले. प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरविते. जमीन कुटुंबाच्या नावे हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. बटाईने वा मक्त्याने जमीन कसणारा आणि बिनपरवाना सावकाराचा ऋणको यांचे दुःख कागदावर उतरतच नाही. ‘अपात्र’ हा शब्द एखाद्या मृत्यूस लावावा, यातील विसंगती कोणाच्या ध्यानी आली नसेल काय?

2015 साली यवतमाळ व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत सुरू झालेले ‘बळीराजा चेतना अभियान’ त्या मानाने अधिक समंजस म्हणावयास हवे. गरजू कुटुंब कोणते हे गावातील समितीने ओळखावे, ही त्यातील कल्पना उचित होती, कारण गावाला जे आधी कळते ते तहसील कचेरीला पुष्कळ उशिरा कळते. त्याच सुमारास आरोग्य विभागाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात शेतकऱ्यांच्या मनःस्थितीची विचारपूस करण्याचे काम आशा सेविकांकडे आले. येथे मात्र भागीदारीचा अर्थ पुन्हा सैल झाला. घरोघर जाणारी सेविका मानधनावर राबणारी. तिने आणलेल्या माहितीवर काय करावयाचे, हे ठरविणारे वेगळेच.

या साऱ्या रचनेची खरी परीक्षा झाली ती 2017 च्या पावसाळ्यात. कपाशीवर कीटकनाशके फवारताना जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे विषबाधेने दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. रुग्ण कित्येक आठवडे येत होते. प्रश्न राज्यभर गाजला तो ऑक्टोबरच्या सुमारास. मृतांत आणि बाधितांत रोजाने फवारणी करणारे मजूर पुष्कळ होते. समित्या होत्या, अभियान होते, प्रकल्प होता; परंतु त्या साऱ्यांचे लक्ष ‘शेतकरी’ या एका शब्दावर खिळलेले. पाठीवर पंप घेणारा भूमिहीन त्या शब्दात कोठेच नव्हता. वास्तविक 1968 च्या कीटकनाशक अधिनियमाच्या 26 व्या कलमान्वये विषबाधेच्या घटना कळविण्याचे बंधन घालण्याचा अधिकार राज्य शासनास होताच. त्यासाठी नवे सहकार्य नको होते. असलेल्या कायद्याचा वापर हवा होता.

भागीदारीच्या पुरस्कर्त्यांचे एक म्हणणे मान्य करावयास हवे : अशा उपक्रमांमुळे अधिकारी गावात गेले, आणि निराश माणसाची विचारपूस हे शासनाचे काम आहे हे प्रथमच मान्य झाले. हे लहान नव्हे. पण विचारपूस करणारा आणि उत्तरदायी असणारा हे दोन वेगळे संबंध आहेत, आणि आपल्या अभ्यासकांनी लाभार्थींची संख्या मोजण्यात हा भेद विसरू नये. ग्रामसमितीला एखाद्या विभागाकडून लेखी उत्तर मागता येत होते काय, हा प्रश्न प्रबंधाचा विषय होण्याजोगा आहे.

2017 नंतर यवतमाळच्या विषबाधितांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी स्वतःची संघटना उभारली. 2020 साली तिने भारतीय व युरोपीय संस्थांच्या साह्याने 51 बाधित कुटुंबांच्या वतीने एका स्विस कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल केली. तिच्यातील वादी कोणत्याही योजनेचे लाभार्थी म्हणून आलेले नव्हते.