अंतिम सामन्याची शिट्टी कुणाच्या हातात?

मागच्या वेळी आपण खेळांच्या नियमांवर बोललो होतो. आज नियम राबवणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे. आणि तो माणूस मी मुद्दाम लांबून आणलाय, आयर्लंडहून. लांबचं उदाहरण घेतलं की आपला-परका हा प्रश्न मनात येत नाही. आपण कुणाच्याच बाजूचे नसतो, त्यामुळे जरा नीट विचार होतो.

खेळाचं नाव गेलिक फुटबॉल. बऱ्याच जणांनी पाहिला नसेल, म्हणून दोन मिनिटांत सांगतो. एका बाजूला १५ खेळाडू, सामना ७० मिनिटांचा. चेंडू हातातही घेता येतो, लाथेनंही मारता येतो. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून गेला तर १ गुण, आणि २०२५पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर २. धावफलकावर १-१६ असं लिहितात, म्हणजे १ गोल आणि १६ गुण, एकूण १९.

हा खेळ चालवणारी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही संघटना १८८४ साली थर्ल्स या गावात स्थापन झाली. सगळा पाया काउंटीचा, आपल्या भाषेत जिल्ह्याचा. खेळाडू ज्या जिल्ह्याचा त्या जिल्ह्याकडून खेळतो, आणि त्याचे पैसे त्याला मिळत नाहीत. खेळ हौशी आहे. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळणारा खेळाडू सोमवारी कामावर जातो. आणि हे विसरू नका, रेफरीसुद्धा सोमवारी कामावरच जातो. त्याला प्रवासखर्च मिळतो, जेवणाचा भत्ता मिळतो, पगार नाही.

आता हा रेफरी निवडतात कसा? वरवर पाहिलं तर पद्धत सरळ आहे. हंगामासाठी रेफरींची एक यादी ठरते. त्यांना शारीरिक क्षमतेची चाचणी द्यावी लागते, नियमांची परीक्षा द्यावी लागते. प्रत्येक मोठ्या सामन्याला एक निरीक्षक बसतो आणि रेफरीच्या कामाचा अहवाल देतो. हंगाम पुढे सरकतो तशी यादी लहान होत जाते, आणि शेवटी संघटनेची केंद्रीय समिती एक नाव जाहीर करते. अट एकच, जी सगळ्यांना माहीत आहे: अंतिम सामन्यात खेळणाऱ्या दोन्ही काउंटींपैकी कुठल्याही काउंटीचा तो नसावा.

माझी तक्रार या शेवटच्या अटीपासून सुरू होते. अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण सगळी चर्चा तिच्याभोवती फिरते आणि खरा प्रश्न बाजूला राहतो.

२०१९ सालचा सामना घ्या. डब्लिन विरुद्ध केरी. डब्लिन सलग पाचव्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर, जे त्याआधी पुरुषांच्या वरिष्ठ स्पर्धेत कुणालाच जमलं नव्हतं. रेफरी म्हणून नाव आलं डेव्हिड गॉफ यांचं. गॉफ मीथ काउंटीचे. कागदोपत्री तटस्थ. पण केरीचे माजी प्रशिक्षक एमन फिट्झमॉरिस यांनी मुद्दा काढला की गॉफ डब्लिनमध्ये राहतात, तिथेच काम करतात, मग दबाव येणार नाही का? गंमत बघा. मीथ आणि डब्लिन हे शेजारी, आणि त्यांचं वैर किती जुनं! एरवी मीथच्या माणसावर डब्लिनप्रेमाचा आळ घेतला तर तो भांडायला उठेल. पण पत्ता डब्लिनचा निघाला ना, मग झालं.

सामना झाला १ सप्टेंबरला. पहिल्याच अर्ध्या भागात गॉफ यांनी केरीला पेनल्टी दिली. डब्लिनच्या गोलरक्षकानं, स्टीफन क्लक्स्टननं, ती अडवली, हा भाग वेगळा. त्याच अर्ध्या भागात त्यांनी डब्लिनच्या जॉनी कूपरला दोन पिवळ्या कार्डांवर बाहेर काढलं. डब्लिन १४ खेळाडूंवर आलं. शेवटी १-१६ विरुद्ध १-१६, बरोबरी. पुनर्लढत झाली १४ सप्टेंबरला, रेफरी बदलून कॉर्कचे कॉनर लेन आले, आणि डब्लिन जिंकलं.

आता तुम्ही म्हणाल, बघा, गॉफ निःपक्षपाती ठरले. मी तेवढं पटकन म्हणणार नाही. कारण दुसरं कुणी असंही म्हणेल की आरोप ऐकून बिचारा उलट्या बाजूला झुकला. दोन्ही गोष्टी सिद्ध करता येत नाहीत. नेमका हाच माझा मुद्दा आहे. माणूस कुठला आहे यावरून तो कसा निर्णय देईल हे कळत नाही. पण तो कुठला आहे याची चर्चा केली की त्याच्यावर दबाव मात्र नक्की येतो. ज्या दबावाची काळजी वाहायची, तो दबाव ती काळजीच तयार करते.

आता उलट बाजूचं उदाहरण. ११ जुलै २०१०, लेन्स्टर प्रांताचा अंतिम सामना, मीथ विरुद्ध लाउथ. लाउथ म्हणजे लहानशी काउंटी, १९५७नंतर प्रांताचं विजेतेपद मिळालेलं नाही. सामना संपत आलाय आणि लाउथ एका गुणानं पुढे आहे. तेवढ्यात गोलसमोर गर्दी झाली, मीथच्या जो शेरिडननं चेंडू हातात धरूनच रेषेपलीकडे नेला, आणि रेफरी मार्टिन स्लडन यांनी गोल दिला. मीथ जिंकलं. त्यानंतर चिडलेले काही प्रेक्षक मैदानात उतरले, रेफरीवर धावून गेले, पोलिसांना त्यांना बाहेर न्यावं लागलं.

पुढे स्लडन यांनी चूक मान्य केली. पण नियमानं संघटनेला पुन्हा सामना लावता येत नव्हता. मीथनं स्वतःहून तयारी दाखवली असती तरच. मीथनं दाखवली नाही. लाउथला प्रांताचं विजेतेपद मिळायला २०२५ साल उजाडलं, आणि तेही मीथलाच हरवून. १९५७ ते २०२५. ६८ वर्षं!

आता मला सांगा, स्लडन कुठले? टिरोनचे. टिरोन अल्स्टर प्रांतात. मीथशी संबंध नाही, लाउथशी नाही, लेन्स्टर प्रांताशीसुद्धा नाही. तटस्थतेच्या परीक्षेत १०० पैकी १००. आणि अलीकडच्या काळातली सगळ्यात गाजलेली चूक त्यांच्या हातून झाली. म्हणजे ज्याच्यावर संशय घेतला त्याला दोष देता आला नाही, आणि ज्याच्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती त्याच्या हातून चूक झाली. चूक पक्षपातातून होते असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ती होते दमणुकीतून, गर्दीतून, चुकीच्या कोनातून.

इथे क्रिकेटची आठवण काढल्याशिवाय मराठी श्रोत्यांना चैन पडणार नाही. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत दोन भारतीय पंच उभे राहिले, आपले मुंबईकर पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. आधुनिक क्रिकेटमध्ये तटस्थ पंचांची सुरुवात ती. २००२पासून कसोटीत दोन्ही पंच तटस्थ असण्याची पद्धत आली. आणि २०२०मध्ये महामारीमुळे प्रवास बंद झाला, तेव्हा पुन्हा यजमान देशाचे पंच आणावे लागले. आकाश कोसळलं नाही. कारण तोपर्यंत पंचांचं प्रशिक्षण आणि निर्णय तपासायची सोय पुढे गेली होती. तटस्थता ही गरज होती, पण ती पहिली पायरी होती, शेवटची नव्हे.

आता दुसरी तक्रार. त्याच त्याच माणसांची. मी हिशोब मांडला. २०११ ते २०२५ ही १५ वर्षं. दोन पुनर्लढती धरून १७ अंतिम सामने. रेफरी किती? फक्त ८. एकट्या कॅव्हनच्या जो मॅक्विलन यांनी चार केले: २०११, २०१३, २०१७, २०२१. यातल्या शेवटच्या तीनमध्ये मेयो होतं आणि तिन्ही वेळा मेयो हरलं. मेयो म्हणजे १९५१पासून चषकाची वाट पाहणारी काउंटी. तिथल्या माणसाच्या मनात काय येत असेल? गॉलवेचंही तसंच. २०२२ आणि २०२४, दोन्ही अंतिम सामने हरले, दोन्हींना रेफरी टिरोनचे शॉन हर्सन. २०२४ला तर समोर आर्मा, टिरोनचा शेजारी, आणि फरक एका गुणाचा.

यात कट आहे का? मला तसं वाटत नाही. तर्क साधा आहे. रेफरींची यादी लहान, आणि अंतिम फेरीत येणाऱ्या काउंटीही त्याच त्याच. दोन लहान टोपल्यांतून पुन्हा पुन्हा काढत राहिलात तर त्याच जोड्या निघणारच. पण हे समितीनं कधी तरी लोकांना समजावून सांगायला हवं की नको? अनुभवाला किती महत्त्व दिलं, त्या वर्षीच्या कामाला किती, नव्या माणसाला संधी देण्याला किती, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. नाव जाहीर होतं, कारण जाहीर होत नाही. आणि जिथे कारण सांगत नाहीत तिथे लोक स्वतःची कारणं तयार करतात.

तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मैदानात रेफरी एकटा नसतो. दोन लाइन्समन असतात, आणि गोलपाशी चार अंपायर उभे असतात, पांढरे कोट घालून. गोल झाला की हिरवं निशाण, गुण झाला की पांढरं. हे चौघे कोण निवडतं? परंपरेनं रेफरी स्वतः! त्याचे मित्र, क्लबातले सोबती, कधी घरातली माणसं. वर्षभर त्याच्या गाडीतून त्याच्याबरोबर हिंडणारी ही टोळी. मला हे चित्र आवडतं, खोटं कशाला बोलू. पैसे न घेता, दर रविवारी, मित्रासाठी पावसात उभं राहायचं. हौशी खेळाचा जीव यातच आहे. पण मग रेफरीची इतकी पारख करायची, आणि २०१०सारख्या प्रसंगी चेंडूच्या सगळ्यात जवळ जे उभे असतात त्यांना फक्त ओळखीवर घ्यायचं, हे बसत नाही. क्रोक पार्कमध्ये २०१३पासून हॉक-आय आहे, पण ते चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून एवढंच सांगतं. हातात धरून नेला का, हे माणसालाच बघावं लागतं.

मग करायचं काय? सगळे गुण, सगळे अहवाल लोकांसमोर टाका, असं काही जण म्हणतात. मी याच्या विरोधात आहे, आणि कारण सांगतो. कॉलेजात असताना मी गावच्या कबड्डी सामन्यांना पंच म्हणून उभा राहिलोय. एकदा एक चढाई बाद दिली. बरोबर दिली की चूक, आज मलाही सांगता येणार नाही. पण पुढचे सहा महिने एका दुकानात मला उधारीचं सोडा, रोखीचं सामानही तोंड वाकडं करून मिळायचं. हौशी पंचाला लपायला जागा नसते. तो त्याच लोकांत राहतो. त्याच्या नावापुढचे गुण चव्हाट्यावर आणले तर पुढच्या वर्षी शिट्टी हातात घ्यायला कोण येईल?

म्हणून मी तीनच गोष्टी मागेन. एक, माणसाचे गुण नकोत, पण निवडीचे निकष जाहीर करा, आणि कशाला किती वजन तेही. दोन, निदान अंतिम सामन्यासाठी अंपायरांचीही पारख रेफरीसारखीच करा. रेफरीनं आपली माणसं सुचवावीत, समितीनं तपासावीत. तीन, चूक झाली तर ती संघटनेनं बोलावी, रेफरीला एकट्याला पुढे करू नये. २०२५मध्ये नवे नियम आले, हुज्जत घातली तर चेंडू ५० मीटर पुढे नेतात. चांगलं आहे. पण मैदानातली हुज्जत नियमानं थांबते. गावातली हुज्जत विश्वासानं थांबते, आणि विश्वास कारण सांगितल्यानं येतो.

शेवटचं एक, आणि थांबतो. या साऱ्यात पणाला काय लागलंय? चषक तर आहेच. पण लाउथच्या २०१०च्या संघातल्या बऱ्याच जणांना ती संधी परत आली नाही. आणि त्या दिवशी पोलिसांच्या कड्यातून बाहेर पडलेला माणूसही घरी जाऊन झोपला नसेल. समितीच्या खोलीत एक नाव ठरतं तेव्हा या दोघांचाही विचार तिथे व्हायला हवा. "हा कुठला?" हे विचारणं सोपं आहे. "याला का निवडलं, आणि याच्या पाठीशी कोण उभं राहणार?" हे विचारायला हवं.

आता प्रश्न घेऊ. माइक मागे द्या, मागच्या रांगेतून हात वर दिसतोय.