‘मनीबॉल’मधले खेळाडू नक्की कुणाचे?

ब्रॅड पिटचा ‘मनीबॉल’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मायकेल लुईसचं मूळ पुस्तक २००३ चं. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स हा कमी पैशातला बेसबॉल संघ. त्याचा जनरल मॅनेजर बिली बीन (याचं काम खेळाडू घेणं-सोडणं, मैदानावर संघ चालवणारा वेगळा) आकडेवारी बघून इतरांनी नाकारलेले खेळाडू स्वस्तात घेतो, आणि २००२ मध्ये संघ १०३ सामने जिंकतो. पुस्तक खाली ठेववत नाही. पण पुरावा म्हणून वाचायला घ्या, मग अडखळायला होतं.

त्या १०३ पैकी ५७ विजय झिटो, मल्डर आणि हडसन या तीन पिचर्सच्या नावावर आहेत. लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला मिगेल तेहादा. पण लुईस रमतो तो कोपर दुखावलेल्या स्कॉट हॅटबर्गच्या गोष्टीत. सिनेमात तर पिचर्स जवळजवळ नाहीतच!

आता तारखा लावून बघा. तेहादाशी करार १९९३ चा. एरिक चावेझची निवड १९९६ ची, हडसनची जून १९९७ ची. बीन जनरल मॅनेजर झाला ऑक्टोबर १९९७ मध्ये. म्हणजे हे तिघं आधीच्या सँडी अल्डरसनच्या काळातले. मल्डर (१९९८) आणि झिटो (१९९९) बीनचे खरे, पण नव्या खेळाडूंच्या निवडीत हरणाऱ्या संघांना आधी संधी मिळते. १९९७ मध्ये ओकलंड ९७ सामने हरलं होतं, म्हणून मल्डर दुसऱ्याच क्रमांकावर हाती लागला. हे श्रेय कुणाच्या खात्यात टाकायचं?

लुईसवर अन्याय नको. आकड्यांची कल्पना अल्डरसनची, हे तो मोकळेपणाने सांगतो. फक्त कल्पनेचं श्रेय देऊन खेळाडूंचा हिशोब राहून गेलाय. आणि माझी वरची वाटणीही फार पक्की समजू नका, कारण १९९३ पासून बीन अल्डरसनचाच सहायक होता. तुमच्या आराखड्यात ‘अमुक आला आणि निकाल बदलला’ असं वाक्य असेल, तर तो येण्याआधी कुठे बसत होता ते आधी शोधा.

मला विचाराल तर बीनचा हात घेतलेल्यांपेक्षा सोडलेल्या खेळाडूंत जास्त स्पष्ट दिसतो. २००३ च्या हंगामानंतर त्याने तेहादाला जाऊ दिलं. डिसेंबर २००४ मध्ये हडसन आणि मल्डर, दोघांनाही काही दिवसांच्या अंतराने दुसऱ्या संघांना देऊन टाकलं. पण तोवर पुस्तक छापून झालं होतं.