टेबलावरचे दैत्य

1970च्या दशकात अमेरिकेतल्या किरकोळ सामानाच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या प्राण्यांच्या पिशव्या स्वस्तात मिळत. माल हाँगकाँगचा. प्राणी प्रागैतिहासिक म्हणून विकले जात, पण त्यांतले काही कोणत्याच युगात पृथ्वीवर वावरलेले नव्हते. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सने ही खेळणी आपल्या खेळाच्या टेबलावर आणली. डेव्ह आर्नेसनच्या जोडीने त्याने 1974मध्ये प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ तेव्हा नुकताच कुठे मूळ धरत होता. अशा खेळण्यांतूनच दोन प्राणी निघाले: अर्धे घुबड, अर्धे अस्वल असलेला ‘आउलबेअर’ आणि लांब मिशांचा, विचित्र शेपटीचा ‘रस्ट मॉन्स्टर’. 1975च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत दोघेही आले.

दोघांचे कूळ एकच, पण दैत्य म्हणून त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आउलबेअर पंजे मारतो, चोच मारतो, मिठीत धरून चिरडतो. तो दिसायला मजेदार आहे, लोकप्रियही आहे. पण त्याच्याशी लढणे आणि साध्या अस्वलाशी लढणे यात खेळाडूला वेगळे काही करावे लागत नाही. रस्ट मॉन्स्टर मात्र जुन्या नियमांत कोणाला ओरखडासुद्धा काढत नाही. त्याच्या मिशीचा स्पर्श झाला की लोखंड गंजते आणि तो ते खातो, एवढेच. आता टेबलाभोवतीचे दृश्य पाहा. एरवी सगळ्यांच्या पुढे राहणारा, नखशिखान्त चिलखतातला योद्धा चार पावले मागे सरतो. लाकडी काठीवाला, एका फटक्यात कोसळणारा जादूगार एकदम सगळ्यांत सुरक्षित ठरतो. कोणी तलवार टाकून सोटा शोधतो, तर कोणी खिशातले खिळे दूर भिरकावून जनावराला त्यांच्या मागे पाठवतो. एका स्पर्शाने दैत्याने संपूर्ण टोळीची उतरंड उलटी केली.

या कलेचे मर्म इथेच आहे. कादंबरीतला दैत्य वर्णनावर जगतो, सिनेमातला दृश्यावर. खेळातल्या दैत्याची परीक्षा एकच: त्याच्या येण्याने खेळाडूंना काय ठरवावे लागले? चित्र, नाव, इतिहास हे सगळे त्यानंतर.

सुरुवातीच्या काळात ही जाण उपजतच होती. खेळ चालवणारा आलेख कागदावर दहा फुटांचे चौकोन धरून भुयार आखत असे. म्हणून दहा फूट लांब-रुंद-उंच, पारदर्शक, पॅसेज भरून पुढे सरकणारा ‘जिलेटिनस क्यूब’ जन्माला आला. खेळाडू पेट्या उघडायला हपापलेले, म्हणून पेटीचे सोंग घेणारा ‘मिमिक’. छताकडे कोणी पाहत नाही, म्हणून दगडी लवणस्तंभासारखा लटकून अंगावर कोसळणारा ‘पिअर्सर’. टेरी कुंट्झच्या कल्पनेतून आलेल्या ‘बीहोल्डर’चे दहा छोटे डोळे वेगवेगळ्या जादू फेकतात, तर मधला मोठा डोळा समोरची सगळी जादू बंद पाडतो. त्याच्यासमोर कुठे उभे राहायचे हाच एक डावपेच होऊन बसतो. 1977च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये साडेतीनशेहून अधिक दैत्य आहेत, त्यांतले कितीतरी जगभरच्या पुराणांतून उचललेले. तरी पन्नास वर्षांनंतर नाव निघते ते याच घरच्या मुलांचे.

1981मध्ये ब्रिटनमधून डॉन टर्नबुलच्या संपादनाखाली ‘फीन्ड फोलिओ’ आले. त्यातली बरीचशी सामग्री ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाच्या वाचकांनी पाठवलेली. पुढे विज्ञानकथाकार म्हणून नावारूपाला आलेल्या चार्ल्स स्ट्रॉसने किशोरवयात रचलेले ‘गिथयांकी’ त्यातलेच. पुस्तक असमान आहे, काही प्राणी अगदीच पोरकट आहेत. पण सामान्य खेळणाऱ्यालाही दैत्य घडवता येतो हे या पुस्तकाने छापून दाखवले. या कलेचा पुढचा सगळा प्रवास त्या दारातून झाला आहे.

मग दैत्यांना घर-संसार आला. 1982च्या ‘ट्रोलपाक’ने ‘रूनक्वेस्ट’ खेळातल्या ट्रोलांना इतिहास, देवदैवते, खाण्यापिण्याच्या सवयी आणि एका जुन्या शापाचे दुःख दिले. त्यानंतर त्यांना दिसताक्षणी मारणे जड जाऊ लागले. सँडी पीटरसनच्या 1981मधल्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने तर लढाईचा हिशेबच मोडीत काढला. तिथे खुद्द कथुलू हा महादैत्य समोर आला, तर तो दर फेरीला एक ते तीन माणसे सहज संपवतो. शिवाय नुसते त्याला पाहिले तरी बुद्धी ढळते. खेळाडूसमोर प्रश्न उरतो तो पळायचे कधी, एवढाच. आणि 1987मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकाचा संपादक रॉजर मूर याने ‘टकरचे कोबोल्ड’ या संपादकीयात दाखवले, की खेळातले सर्वांत दुबळे प्राणीसुद्धा अरुंद बोगदे, आग आणि नीट आखलेली माघार यांच्या जोरावर नावाजलेल्या वीरांना रडवू शकतात. दैत्य घडवणाऱ्यासाठी त्या छोट्या लेखाइतके मोलाचे वाचन क्वचितच असेल: त्यात एकही नवा प्राणी नाही, आहे ती फक्त प्राण्याची वागणूक.

आजचे चित्र संमिश्र आहे. मोठ्या प्रकाशकांनी गेल्या पंचवीस वर्षांत तोलाचे गणित पक्के केले. ‘चॅलेंज रेटिंग’ पाहून चार खेळाडूंना कोणता प्राणी झेपेल याचा अंदाज बांधता येतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2008मधल्या चौथ्या आवृत्तीने प्राण्यांना भूमिका वाटून दिल्या: कोण दडून हल्ला करणार, कोण दुरून मारा करणार, कोण एका फटक्यात मरणार. नवख्या डंजन मास्टरसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी, ही मोठीच सोय होती, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तोल सांभाळता सांभाळता भीती निसटली. त्याच रस्ट मॉन्स्टरचे काय झाले ते पाहावे. जुन्या नियमांत चिलखत एका स्पर्शात जायचे. जादूचे असले तरी वाचण्याची आशा थोडीच. चौथ्या आवृत्तीत त्याने खाल्लेल्या जादुई वस्तूच्या किमतीची भरपाई त्याला मारल्यावर त्याच्याच पोटातून मिळण्याची सोय झाली. 2014च्या आवृत्तीत जादूच्या वस्तूंना तो हातच लावू शकत नाही आणि साधे चिलखत टप्प्याटप्प्याने झिजते. खेळाडूचे नुकसान होऊ नये ही काळजी चांगली, पण तिने या प्राण्याचा जीवच काढून घेतला.

2025चे नवे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ पाचशेहून अधिक दैत्यांचे आहे. चित्रे देखणी, मांडणी स्वच्छ, टेबलावर वापरायला सोपी. तरी पाने उलटताना जाणवते, की बऱ्याच प्राण्यांची कथा ‘दोन वार करतो’ यापाशी थांबते. हिट पॉइंटांचा, म्हणजे मार सोसण्याच्या क्षमतेचा, साठा वाढवला म्हणून दैत्य मोठा होत नाही. लढाई लांबते आणि फासे फेकणारे कंटाळतात.

खरी नवी निर्मिती छोट्या पुस्तकांत चालली आहे. ‘डंजन वर्ल्ड’ने 2012मध्ये प्रत्येक दैत्यापुढे त्याची मूळ प्रेरणा एका ओळीत लिहिली: त्याला काय हवे आहे. आकडे विसरले तरी त्या ओळीवर प्राणी चालवता येतो. पॅट्रिक स्टुअर्ट आणि स्क्रॅप प्रिन्सेस यांच्या 2015मधल्या ‘फायर ऑन द व्हेल्वेट होरायझन’मध्ये तर आकडेच नाहीत, आहे ते दाट गद्य, ओरबाडल्यासारखी चित्रे आणि कोणत्याही पुराणात न सापडणारे जीव. गेल्या काही दशकांतले हे सर्वांत मौलिक दैत्यपुस्तक आहे, असे म्हणायला हरकत नाही. या मौलिकतेमागे थोडा कायद्याचाही हात आहे. 2000 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम इतर प्रकाशकांना वापरायला मोकळे झाले, पण बीहोल्डर, माइंड फ्लेअर, गिथयांकी यांसारखे नामांकित प्राणी मालकाने राखून ठेवले. उरलेल्यांना स्वतःचे घडवणे भाग होते.

आपल्याकडचा राक्षसही या खेळात 1975पासून आहे, आणि त्याची कथा बोलकी आहे. तो थेट रामायणातून आला नाही. 1974च्या ‘कोलचॅक’ या अमेरिकी दूरचित्रमालिकेतल्या एका भागातून आला. समोरच्याच्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेणे आणि मंतरलेल्या बाणाने मरणे हे गुण त्याने तिथूनच आणले. डेव्हिड ट्रॅम्पिअरने त्याला वाघाचे डोके आणि हातात पाइप देऊन काढले, तेच रूप रूढ झाले. नियम म्हणून विश्वासातले रूप ही फार चांगली चाल आहे. मारीच आणि साधुवेशातला रावण आठवणाऱ्याला ती परकी वाटणार नाही. पण आपल्या राक्षसांतली दुसरी बाजू पूर्ण गळाली. हिडिंबा भीमाची बायको होते, घटोत्कच पांडवांसाठी मरतो, बिभीषण भावाची बाजू सोडतो. ज्याच्याशी सोयरीक जुळू शकते असा दैत्य टेबलावर किती पेच उभे करील!

दैत्याला नेमके नियम कसे द्यायचे, हे आपल्या लेखकांना चांगले कळते. नारायण धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलेल्या, राही अनिल बर्वे दिग्दर्शित 2018च्या ‘तुंबाड’ या चित्रपटातला हस्तर पाहा. तो कोणत्याही पुराणात नाही, तरी त्याचे नियम पाठ होतात: तो अन्नाचा भुकेला आहे, पिठाची रेघ ओलांडत नाही, कणकेच्या बाहुलीवर तुटून पडतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून सोन्याची नाणी ओढता येतात. जास्त सोने हवे म्हणून जास्त बाहुल्या न्याव्यात, तर प्रत्येक बाहुलीमागे एक हस्तर उभा राहतो. हा दैत्य टेबलावर आणला, तर किती बाहुल्या न्यायच्या, हे खेळाडूने स्वतः ठरवायचे. गायगॅक्सच्या रस्ट मॉन्स्टरनंतर इतका नेमका दैत्य क्वचितच दिसला आहे.

चकवा, मुंजा, गिऱ्हा, झोटिंग, गोव्याचा देवचार यांच्या गोष्टींतही असेच नियम दडलेले आहेत: कोण कुठल्या झाडावर, कोण पाण्यात, कोणाला काय दिल्यावर वाट मोकळी होते. जानेवारी 2023मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आहे. श्रेय नोंदवले की त्यावर मराठीत पुस्तक लिहून विकायलाही कोणाची परवानगी लागत नाही. ज्यांच्या कानावर लहानपणी या गोष्टी पडल्या आहेत, त्यांनी हे काम हाती घ्यावे. आणि पहिला दैत्य लिहिताना हिट पॉइंटांचा रकाना अगदी शेवटी भरावा.