नोंदणीनंतरचे शिक्षण : थेरपिस्ट घडत राहतात कसे?

मनोचिकित्सेचे औपचारिक शिक्षण बहुतेकांचे तिशीच्या आत आटोपते आणि त्यानंतर तीस-चाळीस वर्षे माणसे त्या शिक्षणाच्या भरवशावर थेरपिस्टपुढे येऊन बसतात. या काळात थेरपिस्टनी काय शिकावे, कोणाकडून शिकावे आणि ते खरोखर शिकले की नाही हे कोणी पाहावे, हा प्रश्न या व्यवसायात फार पूर्वीपासून आहे. बर्लिनच्या मनोविश्लेषण संस्थेत १९२० च्या दशकात प्रशिक्षणाची तीन अंगे ठरली : उमेदवाराचे स्वतःचे विश्लेषण, सिद्धान्ताचा अभ्यास आणि अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली हाताळलेल्या केसेस. ही व्यवस्था पात्रता मिळेपर्यंतची होती. सिग्मंड फ्रॉइड यांनी मात्र १९३७ मध्ये असे सुचवले, की विश्लेषकांनी साधारण दर पाच वर्षांनी पुन्हा स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे आणि त्यात कमीपणा मानू नये. ही सूचना सर्वमान्य नियम कधीच झाली नाही. पुढे नियम झाले ते तासांचे, गुणांचे आणि प्रमाणपत्रांचे.

वर्षे सरतील तसे कौशल्य आपोआप वाढते, हे गृहीतक या सगळ्याच्या तळाशी होते. ते तपासले गेले तेव्हा टिकले नाही. सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील १७० थेरपिस्ट आणि त्यांच्याकडे आलेल्या ६,५९१ जणांच्या नोंदी अभ्यासल्या. काही थेरपिस्टच्या नोंदी अठरा वर्षांपर्यंतच्या होत्या. अनुभव वाढला तसे सरासरी परिणाम सुधारले नाहीत, उलट अगदी थोडे घसरले. उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मात्र कमी झाले. म्हणजे अनुभवाने माणसे धरून ठेवता येतात, पण ती जास्त बरी होतातच असे नाही. स्वतःविषयीचा अंदाज तर याहून फसवा. २०१२ मध्ये स्टीव्हन वॉल्फिश आणि सहकाऱ्यांनी १२९ व्यावसायिकांना स्वतःच्या कौशल्याची तुलना समव्यवसायींशी करायला सांगितली. एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवले नाही. सुमारे चौथ्या हिश्श्याने तर स्वतःला शंभरातल्या नव्वदांच्या वर बसवले.

याचा दोष अहंकारावर टाकणे अन्यायाचे ठरेल. थेरपी बंद दाराआड चालते. शल्यचिकित्सकाच्या शेजारी भूलतज्ज्ञ आणि परिचारिका उभ्या असतात, शिक्षकाचा वर्ग निकालात दिसतो. थेरपिस्टना मात्र आपण कुठे चुकलो हे कळण्याचा मार्ग जवळजवळ नसतो. ज्या क्लायंटला बरे वाटले नाही तो बहुधा तक्रार करत नाही. तो पुढची वेळ घेत नाही, इतकेच. ‘पैशांची अडचण असेल’, ‘तयारी नसेल’ अशी कारणे मग थेरपिस्टच शोधतात आणि त्यांतली काही खरीही असतात.

निरंतर शिक्षणात ज्ञान आणि कौशल्य यांची गल्लत फार होते. ज्ञान जुने होते आणि ते व्याख्यानाने, वाचनाने नवे करता येते. समलैंगिकतेचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये तिला विकारांच्या यादीतून काढण्याचा निर्णय घेतला. भारतात समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१८ मध्ये आला आणि लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. जुन्या पुस्तकांवर पदवी घेतलेल्या आणि नंतर काहीच न वाचलेल्या समुपदेशकाच्या हातून या काळात झालेली इजा खरी आहे आणि ती एका चांगल्या अभ्यासक्रमाने टळू शकली असती. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने क्विअर व्यक्तींना पूरक समुपदेशनाचा अभ्यासक्रम चालवून ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. त्यात शिकवणारेही क्विअर समुदायातले आहेत, हे त्याचे बळ.

कौशल्याचे तसे नाही. विल्यम मिलर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात सर्वांनी वाचावा असा आहे. व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या १४० जणांना प्रेरक मुलाखतीचे, म्हणजे बदलाची इच्छा क्लायंटच्याच तोंडून बाहेर आणण्याचे, तंत्र शिकवायचे होते. काहींना फक्त दोन दिवसांची कार्यशाळा मिळाली. काहींना कार्यशाळेनंतर त्यांच्या सेशनच्या ध्वनिमुद्रणावर लेखी अभिप्राय, काहींना फोनवरून मार्गदर्शन आणि काहींना दोन्ही मिळाले. उरलेल्यांनी स्वतःच अभ्यास करायचा होता. कार्यशाळेने सुधारणा झाली, पण नुसत्या कार्यशाळेचा परिणाम चार महिन्यांत ओसरू लागला. अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचा टिकला. क्लायंटच्या बोलण्यात फरक दिसला तो फक्त दोन्ही मिळालेल्यांच्या बाबतीत. शनिवार-रविवारचे वर्कशॉप, शेवटी सामूहिक फोटो आणि प्रमाणपत्र, या आपल्याकडच्या रूढ नमुन्याने कौशल्य का वाढत नाही, याचे उत्तर इथे आहे.

प्रत्यक्ष सेशन कोणीतरी ऐकले पाहिजे, ही कल्पना कार्ल रॉजर्स यांची पुण्याई. १९४२ च्या ग्रंथात त्यांनी एका संपूर्ण केसचे ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले संवाद छापले. आठवणीतून सांगितलेली केस आणि घडलेले सेशन यांत अंतर असते, आणि शिकण्यासारखे पुष्कळसे त्या अंतरातच असते. सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टपुढे आपले काम तपासणीसाठी मांडणे, हे बहुतेक ठिकाणी अजूनही आठवणीतून सांगणेच आहे. याला जोड म्हणून प्रत्येक सेशनला क्लायंटकडून छोटी प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत मायकेल लँबर्ट आणि इतरांनी रुजवली. कॅनडातील कॅलगरी येथील समुपदेशन केंद्राने अशा नोंदी सर्वांना सक्तीच्या केल्या, त्यांवर आपसात चर्चेची सवय लावली आणि तिथले थेरपिस्ट वर्षागणिक सुधारत गेल्याचे आढळले. हा अहवालही २०१६ चाच. ‘हेतुपूर्वक सराव’, म्हणजे नेमक्या उणिवा हेरून त्यांवर वारंवार काम करणे, या सध्या गाजणाऱ्या पद्धतीबद्दल मात्र जपून बोलायला हवे. डॅरिल चाऊ यांच्या २०१५ च्या ज्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो, त्यातला सरावाचा भाग अवघ्या १७ थेरपिस्टवर आधारलेला आहे. दिशा पटण्याजोगी आहे, पुरावा अजून तोकडा.

नियामकांनी यातून काय घेतले? ब्रिटनमध्ये समुपदेशकांच्या प्रमुख संघटनेने अधिस्वीकृत सदस्यांना महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन बंधनकारक केले आहे, मग ते तीस वर्षांचे अनुभवी का असेनात. कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञांना दोन वर्षांत ३६ तासांचे शिक्षण दाखवावे लागते. पहिल्या नियमात कोणीतरी ऐकणारे असते, दुसऱ्यात मुख्यतः हजेरी मोजली जाते.

भारताची व्यवस्था दुसऱ्या प्रकारात मोडते. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीतील चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सीआरई, म्हणजे निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे, गुण जमवावे लागतात. ते परिषदेने मान्य केलेल्या परिसंवादांतून मिळतात. आणि हा नियमही थोड्यांनाच लागू आहे. मानसशास्त्रात एम.ए. करून शाळांत, महाविद्यालयांत, रुग्णालयांत, स्वतःच्या क्लिनिकमध्ये काम करणारे असंख्य समुपदेशक त्या नोंदवहीत नाहीत. त्यांना शिकत राहण्याची सक्ती नाही आणि सोयही फारशी नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने समुपदेशकांना प्रथमच एका राष्ट्रीय चौकटीत आणले. त्यांच्यासाठी नियम घडवताना जुन्या गुणपद्धतीची नक्कल झाली, तर एक मोठी संधी हातची जाईल.

महाराष्ट्रात या बाबतीत भक्कम परंपरा आहे. कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करत ती पद्धती आत्मसात केली आणि पुढे अनेकांना तिचे शिक्षण दिले. पदवीनंतरच्या शिक्षणाचे याहून चांगले उदाहरण मराठी जगात क्वचितच सापडेल. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेत थेरपिस्ट एका छताखाली, एकमेकांच्या सोबतीने काम करतात. एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्याला ही सोबत मिळत नाही आणि महाराष्ट्रात असे एकटे फार आहेत. परभणी किंवा गडचिरोलीतील समुपदेशकाची सेशन्स मराठीत होतात, तर सुपरव्हिजन मिळालेच तर मुंबई-पुण्याच्या दराने आणि इंग्रजीत. सासूचा उल्लेख करताना क्लायंट ‘आमच्या आई’ म्हणते की ‘त्या’ म्हणते, नवऱ्याबद्दल बोलताना नेमका कुठे अडखळते, हे भाषांतरित वृत्तान्तात उरत नाही. चार-पाच समव्यवसायींनी महिन्यातून एकदा ऑनलाइन जमून मराठीतल्याच केसेस मांडणे हा आज परवडणारा उपाय आहे. एखादी ज्येष्ठ व्यक्ती अधूनमधून सामील झाली तर त्याचे मोल वाढते, कारण केवळ समवयस्कांचे गट एकमेकांना दुखवायचे टाळतात.

ध्वनिमुद्रणाला होणारा विरोध गांभीर्यानेच घेतला पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि लहान गावात आवाज ओळखू येतो. त्यामुळे क्लायंटची लेखी संमती, ती केव्हाही मागे घेण्याची मुभा, मुद्रण कोण ऐकणार याचा स्पष्ट उल्लेख आणि ऐकून झाल्यावर ते ठरल्या मुदतीत पुसणे, एवढे पाळावेच लागते. नकार देणाऱ्या क्लायंटच्या उपचारात त्यामुळे काही फरक पडणार नाही, हेही त्याला आधीच सांगायचे असते. ज्या सेशनचे मुद्रण करणे योग्य नाही, उदाहरणार्थ चालू असलेल्या कौटुंबिक हिंसाचाराचे, तिथे सेशन संपताच लिहून काढलेले संवाद सुपरव्हायझरपुढे ठेवता येतात.