शेतकऱ्याचे उत्पन्न : काय मोजले, काय राहिले?

तापमापी वाचण्यापूर्वी तिचा फुगा कोठे ठेवला आहे ते पाहावे, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. वर्तमानपत्रातील आकडेही असेच वाचायला हवेत.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७व्या फेरीनुसार २०१८-१९ या कृषिवर्षात देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. मजुरी व पगार ४,०६३, पिके ३,७९८, जनावरे १,५८२, बिगरशेती व्यवसाय ६४१ आणि जमिनीचा खंड १३४. बेरीज अचूक जमते. पण मग परगावी असलेल्या मुलाने पाठवलेला पैसा कोठे गेला? या पाच रकमांत त्याला जागाच नाही.

याचे मूळ कुटुंबाच्या व्याख्येत आहे. एकत्र राहून एका चुलीवरचे जेवतात ते एक कुटुंब. माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून ही व्याख्या सोयीची आहे. लालबाग-परळच्या माणसाला मात्र ती खटकते. येथील कितीतरी गिरणीकामगार खाणावळीत जेवत, चाळीतल्या एका खोलीत अनेकांसह राहत आणि दर महिन्याला कोकणात किंवा साताऱ्याकडे मनिऑर्डर करीत. चूल वेगळी, पण गावच्या शेतातील बियाण्याला पैसा यांचाच.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले आणि मनिऑर्डरीही आटल्या. समजा, तेव्हा हीच पट्टी लावली असती, तर? पिके तीच, जनावरे तीच. गावच्या कुटुंबाचे उत्पन्न एका रुपयानेही घटलेले दिसले नसते. उलट, परतलेला कामगार गावात मजुरीला जाऊ लागला असता, तर ते वाढलेले दिसले असते!

कर्जावरूनही ओढाताण सरळ कळत नाही. २०१९ मध्ये देशातील ५०.२ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जदार होती. आंध्र प्रदेशात ९३.२ टक्के, नागालँडमध्ये अवघी ६.६. म्हणून नागालँडचा शेतकरी निश्चिंत म्हणायचा काय? ज्याला कोणी उधारच देत नाही, तोही कर्जमुक्तांतच मोजला जातो.

पाहणी निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. घरचा चारा, घरचे बियाणे अशा पैसे न मोजता वापरलेल्या गोष्टींची किंमत धरली, तर उत्पन्न ८,३३७ रुपयांवर येते, हे त्याच अहवालात दिले आहे. तक्रार आहे ती एकच सरासरी उचलून मिरवण्याबद्दल. डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. त्यांनी कुटुंबांचे तीन गट केले : केवळ शेतीवर भागणारी, शेती आणि बाहेरची कमाई मिळून भागणारी, आणि तरीही न भागणारी. ओढाताण समजायला ही विभागणी सरासरीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलांना एका काल्पनिक कुटुंबाचा वर्षाचा जमाखर्च महिनावार मांडायला सांगा. आधी बाहेरून येणारा पैसा धरून, मग वगळून. कोणत्या महिन्यात हात रिकामा राहतो, ते मुलांनाच शोधू द्या. सरासरीत तो महिना दिसत नाही. सावकाराचे दार मात्र त्याच महिन्यात ठोठवावे लागते.