रस्किनचा दगड आणि आपला लोटा

जॉन रस्किनचे ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले तेही त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग, पण जे. जे.ने आदर्श म्हणून साउथ केन्सिंग्टनची पद्धत पुढे ठेवली आणि रस्किनचा रोख नेमका तिच्याविरुद्ध होता. त्या पद्धतीत २३ टप्पे होते. आधी छापील रेषाकृतींची नक्कल, मग घनाकृती, मग प्लास्टरचे नमुने. वस्तू गोल आहे हे विद्यार्थ्याला कळायचे ते सपाट कागदावरून सपाट कागदावर बराच प्रवास केल्यानंतर.

रस्किनचे पुस्तक पत्ररूप आहे, आणि ते शिक्षक जवळ नसलेल्यासाठी आहे. सुरुवातीला तो पेनाने एक चौकोन एकसारखा काळा करायला लावतो. लवकरच हातात एक गोलसर दगड देतो. दगडाला बाह्यरेषा नसते, उजेडाकडून अंधाराकडे सरकत जाणाऱ्या छटा असतात, एवढेच त्याला सांगायचे आहे. पडताळ्यासाठी तो एक साधी युक्ती देतो: पांढऱ्या कागदाला वाटाण्याएवढे भोक पाडा आणि त्यातून दगड पाहा. आपण ज्याला पांढरे समजत होतो ते कागदापेक्षा कितीतरी गडद निघते. शिक्षक नाही, तर कागदाचे भोक चूक दाखवते. शिक्षणशास्त्रावरच्या जाडजूड ग्रंथांत याहून नेमकी सोय मला क्वचितच आढळली.

तरीही दगडाची निवड मला अपुरी वाटते. दगड फार क्षमाशील असतो. त्याचा आकार चुकला तर दुसरा एखादा दगड तयार होतो, आणि तो चुकीचा आहे असे म्हणण्याची सोय कुणालाच राहत नाही. छटांच्या अभ्यासाला तो उत्तम, पण आकारमानाच्या अभ्यासाला नव्हे. लोटा असे करू देत नाही. नवशिका लोट्याचे तोंड छान लंबवर्तुळाकार काढतो आणि बूड मात्र सरळ रेषेने संपवतो, कारण टेबल सपाट आहे हे त्याला ठाऊक असते. वरून पाहताना बुडाचे लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त भरलेले दिसायला हवे. ते तसे नसेल तर लोटा कलंडल्यासारखा दिसतो, आणि चित्रकला न शिकलेली आजीसुद्धा म्हणते, ‘अरे, हा बसत नाहीये!’ अभिप्राय म्हणतात तो हाच.

न्यूयॉर्कच्या किमॉन निकोलाइडिसचे ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ त्याच्या मृत्यूनंतर, १९४१ साली आले. तो दृष्टीपेक्षा स्पर्शावर विसंबतो: पेन्सिल जणू वस्तूच्या अंगावरूनच फिरते आहे असे समजून काढा, वजन आतून बाहेर भरत आणा. लोट्याची पाठ कागदावर येत नसली तरी हाताला ती ठाऊक असली पाहिजे, हे त्याने रस्किनपेक्षा चांगले ओळखले होते. मात्र त्याचे वेळापत्रक तासांवर भरवसा ठेवते. नुसत्या तासांनी चूकही पक्की होते. बेटी एडवर्ड्सचे उलटे चित्र काढण्याचे तंत्र (१९७९) बाह्याकार झटपट अचूक करते, घनतेबद्दल फारसे बोलत नाही.

आपल्याकडे ही समज नव्हती असे नाही. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रात पत्रज, ऐरिक आणि बिंदुज अशा तीन वर्तना सांगितल्या आहेत. वर्तना म्हणजे छटेने उठाव आणण्याची रीत. शरीर वळले की अवयव आखूड-लांब दिसतात, त्याला तिथे क्षयवृद्धी हा शब्द आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर हे डोळ्यांनी पाहता येते. जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून त्याच भिंतींच्या प्रतिकृती केल्या.

आज राज्यातली असंख्य मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसतात. वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर बहुधा लोटा, फळे, एखादे कापड असते. मुलांना शेवटी मिळते ती श्रेणी: ए, बी किंवा सी. बूड कुठे चपटे झाले, सावली टेबलावरून कुठे सुटली, हे श्रेणी सांगत नाही. ज्या शाळेत कलाशिक्षकच नाही, तिथल्या मुलाला ते दुसरे कुणी सांगणारही नसते. लिओनार्डोने चित्र आरशात पाहायला सांगितले होते. कलंडलेला लोटा आरशात लगेच ओळखू येतो, आणि आरसा प्रत्येक घरात असतो. परीक्षेच्या तयारीच्या पुस्तकांत छायांकनाचे तयार नमुने पानोपानी भरलेले असतात. एवढी एक सूचना मात्र मी चाळलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.